घरसभेतला सौम्यतेचा अभ्यासवर्ग: कुणी घ्यावा, कसा चालवावा, कुठे अडतो

आठ बैठका, प्रत्येक बैठक दीड तासाची, ४४ पानांची एक वही आणि वर्ग चालवणाऱ्यासाठी वेगळी छोटी पुस्तिका. एवढंच या वर्गाचं सामान. यवतमाळ भागातल्या खेड्यांत ख्रिस्ती मंडळ्यांच्या घरसभांमधून, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभांतून, तो घेतला जातो. फी नाही. वहीच्या झेरॉक्सचे ८०-९० रुपये ज्याचे त्याने द्यायचे. विषय एकच: ख्रिस्ती माणसाने सौम्य आणि लीन कसं व्हावं. तेही वावरात, चुलीपाशी, मंडळीच्या कमिटीत, म्हणजे जिथे तोल जातो नेमकं तिथे. या विषयावर उपदेश पुष्कळ होतात, पण हाताला धरून सराव करून घेणारं काही खेड्यात सहसा मिळत नाही. म्हणून हा आढावा जरा सविस्तर लिहिला आहे.

मत आधीच सांगून टाकतो. वर्ग घ्यावा. सहावी बैठक मात्र छापली आहे तशी घेऊ नये, बदलून घ्यावी. ती तशीच घेतली तर एखाद्या घरात खरोखर नुकसान होऊ शकतं.

बैठकीची रीत ठरलेली आहे. आधी एक गीत, मग वचनाचा उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाने. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग चाळीस मिनिटं चर्चा, त्यानंतर दोघा-दोघांच्या जोड्यांत गेल्या आठवड्याचा हिशेब, पुढच्या आठवड्याचं एक काम आणि प्रार्थना. गट आठ ते बारा जणांचा असावा असं पुस्तिका सांगते आणि ते अगदी बरोबर आहे. पंधराच्या वर माणसं झाली की जोड्यांचा हिशेब उरकला जातो, आणि या वर्गाचा जीव त्या हिशेबातच आहे. संध्याकाळी सातच्या आधी ठेवू नका, बाया मजुरीवरून येऊन स्वयंपाक उरकून यायच्या असतात. वाचता न येणारे असतील तर आदल्या दिवशी मोबाईलवर ऑडिओ बायबलमधून तोच अध्याय ऐकवावा. ते चर्चेत मागे पडत नाहीत, उलट पुष्कळदा त्यांनाच उतारा नीट आठवतो.

काळ कोणता? पुस्तिकेत 'वर्षभरात कधीही' असं आहे. इकडे ते जमत नाही. जूनमध्ये पेरणी, मग निंदण-डवरणी, ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आणि त्याला लागूनच कापसाची वेचणी. त्या दिवसांत तिसऱ्या बैठकीला निम्मा गट गळतो. लेंटचे, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळाचे दिवस सगळ्यांत सोयीचे. कापूस बहुतेक घरी आलेला असतो आणि लोकांचं मनही तयार असतं. राखेच्या बुधवारनंतरच्या रविवारी सुरुवात केली तर सहा बैठका पुनरुत्थानाच्या सणाच्या आत होतात आणि उरलेल्या दोन नंतर. हा खंड फायद्याचाच ठरतो, कारण शेवटच्या दोन बैठका दिलजमाईच्या आहेत.

पहिली बैठक डोंगरावरच्या प्रवचनावर आहे, मत्तय ५:५. जे सौम्य ते धन्य, ते पृथ्वीचे वतन पावतील. सोबत स्तोत्र ३७ वाचतात. तिथे हेच अभिवचन दुष्टाची भरभराट पाहून जळणाऱ्या माणसाला दिलेलं आहे. ही जोडणी उत्तम आहे. ज्याचं वतन कुणीतरी दाबून बसलेलं आहे त्याला उद्देशून हे वचन आहे, हे गटाला पहिल्याच दिवशी समजतं. या बैठकीत चालवणाऱ्याने नारायण वामन टिळकांची गोष्ट जोडावी अशी आमची सूचना आहे. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. वाचताना ते याच डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले, आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक स्वभावाने तापट होते, हे त्यांच्या घरच्यांच्याच लिखाणातून आपल्याला माहीत आहे. सौम्यता उपजत येते, नाहीतर येतच नाही, असा समज खेड्यात फार पक्का आहे. 'आमचा स्वभावच असा' हे वाक्य पहिल्या बैठकीत हमखास निघतं. गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मध्ये सौम्यता आत्म्याच्या फळांत मोजली आहे, स्वभावाच्या खात्यात नाही, हे तिथल्या तिथे दाखवावं.

दुसरी बैठक मत्तय ११:२८-३० वर. येशू म्हणतो, माझं जू आपल्यावर घ्या आणि माझ्यापासून शिका, कारण मी मनाचा सौम्य व लीन आहे. शहरात हा उतारा समजावून सांगावा लागतो, इथे लागत नाही. नवा गोऱ्हा कामाला लावताना त्याला शिकलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात. आधी नुसतं लाकूड ओढायला लावतात, मग वखर, आणि डवऱ्याला (कोळप्याला) सगळ्यात शेवटी, कारण डवरताना पाऊल दोन ओळींमधल्या तासातच पडलं पाहिजे, नाहीतर पीक तुडवलं जातं. वहीत हे एवढ्याच चार ओळींत आहे. गटाने त्यात भर घालू द्यावी, ते तुमच्याहून जास्त जाणतात. महत्त्वाचा मुद्दा असा की गोऱ्ह्याची ताकद काढून घेतली जात नाही. ताकद गेलेला बैल कुणालाच नको असतो. तीच ताकद धन्याच्या हाकेत येते. सौम्य म्हणजे दुबळा, हा गैरसमज इथेच मोडला पाहिजे. तो राहिला तर पुढच्या सहाही बैठकांत आडवा येतो.

याच बैठकीपासून 'रागाची वही' सुरू होते. पानावर चार रकाने: कुठे घडलं, अंगात काय झालं, तोंडून काय निघालं, आणि खरं काय हवं होतं. तिसरा रकाना लोक भराभर भरतात, चौथा कोरा ठेवतात. जोडीदाराचं काम चौथ्याबद्दल विचारायचं. 'सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं' या नोंदीच्या चौथ्या रकान्यात चार आठवड्यांनी 'घरात मला कोणी विचारत नाही' असं येतं, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. दोन चुका इथे नेहमी होतात. एक, वही दुसऱ्याच्या गुन्ह्यांची यादी बनते. दुसऱ्याचं नाव लिहायचंच नाही, फक्त जागा लिहायची, हा नियम कडक पाळला तरच हे टळतं. दुसरी, नवरा-बायको एकाच जोडीत बसतात. बसवू नका. बाईची जोडी बाईशी, पुरुषाची पुरुषाशी, आणि एकाच कमिटीतले दोघेही नकोत.

तिसरी बैठक याकोबाचे पत्र १:१९-२१ वर आहे: ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला धीमा. इथला सराव फार नेमका आहे. समोरच्याचं बोलणं संपल्यावर आपलं उत्तर द्यायच्या आधी त्याचंच म्हणणं त्याला परत सांगायचं: 'म्हणजे भाऊ, तुमचं म्हणणं असं आहे का, का पाणी मी तुमच्या पाळीच्या दिवशी घेतलं?' तो 'हो' म्हणाला तरच पुढे बोलायचं. 'नाही' म्हणाला तर पुन्हा ऐकायचं. गटात हे दोघांकडून करून घेतात तेव्हा पहिल्यांदा सगळे हसतात, पण दहा मिनिटांत लक्षात येतं की समोरच्याचं म्हणणं धड सांगताच येत नाही, कारण तो बोलत असताना आपण मनात आपलं उत्तर रचत होतो. मोबाईलसाठीही नियम आहेत: मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वादाला उत्तर नाही, रात्री व्हॉइस मेसेज नाही, बोलायचं ते समोरासमोर.

एक प्रश्न इथे कुणीतरी विचारतंच. सूर्य मावळायच्या आत राग सोडा असं इफिसकरांस पत्र ४:२६ मध्ये आहे, मग रात्रभर थांबायचं कसं? वहीचं उत्तर आम्हाला पटलं. उत्तर सकाळपर्यंत थांबू शकतं, राग थांबू नये. म्हणून त्याच दिवशी दोन गोष्टी करायच्या: त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना, आणि त्याला एक वाक्य, 'उद्या सकाळी मी तुमच्याकडे येतो, बोलू.' अबोला धरून झोपणं आणि थांबून बोलणं यांतला फरक त्या एका वाक्याने पडतो.

चौथी बैठक या वर्गातली सगळ्यात भारी. उत्पत्ती २६, इसहाकाच्या विहिरी. गरारच्या खोऱ्यात त्याच्या माणसांनी विहीर खणली, तिथल्या गुराख्यांनी पाणी आमचं म्हणून भांडण काढलं. तिचं नाव त्याने एसेक ठेवलं आणि पुढे जाऊन दुसरी खणली. तिच्यावरही वाद, ती सिटना. आणखी पुढे तिसरी खणली, तिच्यावर कुणी भांडलं नाही, ती रहोबोथ. विदर्भातल्या गटाला यात काय दिसतं ते सांगायला नको. धुरा (शेताचा बांध), पांदण (शेतरस्ता), विहिरीतला हिस्सा, ओलिताची पाळी, इकडची निम्मी भांडणं याच चार गोष्टींची. दरवर्षी नांगराची एक ओळ धुऱ्याला जास्त घासते, धुरा बारीक होत जातो, आणि एक दिवस काठ्या निघतात. एकाच बेंचवर बसून प्रभुभोजन घेणारे दोघे धुऱ्यावर एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. सौम्यतेची शिकवण इथपर्यंत आली नाही तर ती चर्चच्या दारातच राहिली म्हणायची.

पण वही इथे घाई करते. 'इसहाकासारखे पुढे जा' एवढं सांगून ती प्रार्थनेकडे वळते. इसहाकाला पुढे जायला खोरं मोकळं होतं. तीन एकरवाल्या कास्तकाराला पुढची विहीर नाही, आहे ती एकच. गटातला कुणी हे बोलून दाखवतो आणि चालवणाऱ्याजवळ उत्तर नसतं. उत्तर त्याच अध्यायात, २६ ते ३१ या ओव्यांत आहे. नंतर गरारचा राजा अबीमलेख स्वतः इसहाकाकडे येतो. इसहाक आधी सरळ विचारतो, तुम्ही माझा द्वेष केलात, मला घालवून दिलंत, मग आता का आलात? मनातलं बोलून दाखवतो, मग जेवू घालतो, आणि सकाळी दोघे शपथ घेऊन करार करतात. म्हणजे सौम्य माणूस अन्याय झाला हे बोलतो, समोरच्याला ताटावर बसवतो आणि शेवटी गोष्ट पक्की करून घेतो. आजच्या भाषेत: दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा, खर्च निम्मा-निम्मा, मोजणीच्या दिवशी दोन्ही घरची माणसं हजर, खुणा पटल्या की त्याच दिवशी धुऱ्यावर दगड रोवायचे. रस्त्याचा प्रश्न असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, तोही शेजाऱ्याला आधी घरी जाऊन सांगून. अर्ज करणं सौम्यतेच्या विरोधात नाही. गुपचूप करणं, दारू पाजून सही घेणं, चार पोरं घेऊन जाणं हे विरोधात आहे. चालवणाऱ्यांनी या बैठकीला दोन आठवडे द्यावेत आणि वेळ कमी पडला तर आठवी बैठक आखडावी.

पाचवी बैठक मोशेवर. गणना १२ मध्ये त्याची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन त्याच्याविरुद्ध बोलतात, तो स्वतःची बाजू मांडत नाही, आणि मिर्यामला कोड फुटल्यावर तिच्यासाठीच प्रार्थना करतो. भूतलावरचा सगळ्यात नम्र माणूस असं त्याच्याविषयी तिथे लिहिलं आहे. मग लगेच गणना २०: तोच मोशे लोकांना बंडखोर म्हणून खडकाला दोनदा काठी मारतो, आणि वचनदत्त देशात जात नाही. दोन्ही अध्याय एकाच संध्याकाळी वाचायला लावणं हे फार शहाणपणाचं आहे. वडीलधारी, पंचवीस-तीस वर्षं मंडळीत असलेली माणसं या बैठकीत गप्प होतात. वेगळं काही शिकवायची गरजच पडत नाही.

मजुरीचा भाग पाचव्या बैठकीच्या शेवटी कोंबला आहे, त्याला खरं तर वेगळी जागा हवी होती. अनुवाद २४:१५ मध्ये मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे. याकोबाचे पत्र ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. वेचणीला किलोवर मजुरी असते, म्हणून वजनाचा काटा कापूस वेचणाऱ्या बाईसमोर लावायचा, आकडा तिला दाखवायचा, पैसे त्याच संध्याकाळी द्यायचे, आणि बोलताना 'ए बाई' नाही. मंडळीत मऊ बोलणारा कास्तकार काट्यापाशी कसा बोलतो, यावरून या वर्गाचा खरा निकाल कळतो.

आता सहावी बैठक. विषय घरातली सौम्यता, उतारे १ पेत्र ३ आणि १ शमुवेल २५. अबीगईल इथे 'सहनशील पत्नीचा आदर्श' म्हणून मांडली आहे आणि गटातल्या बायांना आठवडाभर उलट न बोलण्याचं काम दिलं आहे. पुरुषांना काम नाही. हे चुकीचं आहे, आणि उताऱ्याला धरूनही नाही. तिचा नवरा नाबाल रासवट होता, त्याच्या हेकटपणाने सगळं घर मरायला टेकलं होतं. अबीगईलने दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, तयार केलेली पाच मेंढरं, हुरड्याची पाच मापं, खिसमिसांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादल्या आणि नवऱ्याला न सांगता निघाली. चारशे माणसं घेऊन घरावर चालून येणाऱ्या दावीदाला तिने वाकून नमस्कार केला, पण त्याच्या हातून रक्तपात झाला तर तो पुढे त्याच्या मनाला लागेल, हे त्याला तोंडावर सांगितलं. नाबालचं वागणं तिने झाकलं नाही. तिची सौम्यता चारशे तलवारींना अडवणारी होती.

ज्या घरात मार आहे, दारू आहे, तिथल्या बाईला 'आणखी सोस' हे वर्गाने सांगता कामा नये. तिच्यासाठी आठवड्याचं काम एकच, विश्वासाच्या माणसाला सांगणं. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे, हे वहीच्या त्याच पानावर छापलं पाहिजे. खुद्द येशूला प्रमुख याजकापुढे चापट मारली तेव्हा त्याने विचारलं, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३). फिलिप्पैला पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात घातलं. दुसऱ्या दिवशी 'गुपचूप निघून जा' असा अधिकाऱ्यांचा निरोप आला तेव्हा पौल म्हणाला, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). सहाव्या बैठकीत हे दोन उतारे घाला, उलट न बोलण्याचं काम काढा, आणि पुरुषांना काम द्या: आठवडाभर घरात आवाज चढवायचा नाही, जेवणाला नावं ठेवायची नाहीत, आणि चुकलं तर मुलांसमोर चुकलो म्हणायचं.

हीच उणीव वहीत दुसऱ्या ठिकाणीही जाणवते. विदर्भातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांच्या मागच्या पिढ्यांना वाकायला लावलेलं आहे. शेजारच्या वाड्यात १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जाऊन आलेल्यांची नातवंडं राहतात. ती विचारतात, आता कुठे मान वर केली, तुम्ही पुन्हा खाली घालायला का शिकवता? हा प्रश्न रास्त आहे आणि सौम्य माणसाने त्याला तोंड चुकवू नये. वर्गात त्याला जागाच नाही. चालवणाऱ्याने एवढं तरी स्पष्ट करावं की लाचारी माणसाच्या भीतीतून येते आणि सौम्यता देवावरच्या भरवशातून. आणि सौम्यतेचा पहिला धडा ज्याच्या हातात काठी आहे, काटा आहे, खुर्ची आहे, त्याला द्यावा. आशेचं उत्तर सौम्यतेने व आदराने द्या हे १ पेत्र ३:१५ मध्ये आहे, पण उत्तर द्यायचं आहेच, टाळायचं नाही.

सातवी बैठक चुकलेल्या भावाला सावरण्यावर आहे, गलतीकरांस पत्र ६:१. क्रम सरळ आहे: आधी एकट्याने जायचं, त्याच्या घरी, जेवायच्या वेळेला नाही. काय पाहिलं तेवढंच सांगायचं, काय ऐकलं ते नाही. 'तू नेहमीच' हे शब्द वापरायचे नाहीत. निघताना तारीख ठरवून पुन्हा यायचं. कमिटीतल्या लोकांनी ही बैठक चुकवू नये.

आठवी क्षमा मागण्यावर, आणि ती बरी आहे. काय केलं ते नाव घेऊन सांगणं, वाक्यात 'पण' न आणणं, नुकसान भरून देणं. तिथे साक्षी होतात तेव्हा जरा सांभाळा. 'मी आता किती नम्र झालो' अशी साक्ष सुरू झाली की पुढचा तिच्यावर चढ करायला बघतो. साक्ष दुसऱ्याबद्दल द्यायला लावा: या आठ आठवड्यांत कोण तुमच्याशी सौम्यपणे वागलं?

चालवणारा कोण असावा, हेही पाहून घ्या. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. शास्त्र शिकलेली माणसं या भागाने जवळून पाहिली आहेत, म्हणून वर्ग पाळकांनीच घ्यावा असं लोकांना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. पाळक चालवतात तेव्हा लोक हिशेबात खरं सांगत नाहीत. पाळकांनी पहिल्या आणि शेवटच्या बैठकीला यावं, मधल्या सहा एखाद्या ऐकून घेणाऱ्या काकाजींनी किंवा मावशींनी घ्याव्यात. ज्याचा स्वतःचा धुऱ्याचा वाद सध्या चालू आहे त्याला चालवायला देऊ नका, गटात मात्र जरूर बसवा.

झेरॉक्स काढताना रागाच्या वहीची पानं वेगळी शिवून घ्या आणि जास्तीची काढा. मूळ वहीत ती आठच दिली आहेत, चौथ्या आठवड्यालाच संपतात. आठव्या बैठकीनंतर ही पानं कुणाकडे जमा करायची नाहीत, ज्याची त्याने घरी न्यायची किंवा जाळायची, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. तसं सांगितलं नाही तर कुणी खरं लिहीत नाही.